पेटी कोणती घ्यावी?

पेटी म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें अजून हार्मोनियमच येते. परंतु गेल्या महिन्यांत पुण्यास एका स्नेह्यांच्या घरीं जेवणास गेलों असतां पानांवरच ज्या पेटीविषयीं वाद रंगला ती निराळी. ती तळहाताएवढी असते. स्वतः सूर देत नाहीं, पण टीव्हीला जोडली म्हणजे गाणें, नाटक, चित्रपट, बातम्या, जें मागाल तें इंटरनेटवरून अगर घरच्या साठ्यांतून आणून पडद्यावर उभें करते. घरांत माणसें नऊ, टीव्ही एक, आणि मतें निदान पांच. ह्या विषयांत आम्ही थोडेंबहुत लक्ष घालतों हें ठाऊक असल्यामुळें निकाल देण्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें. तो निकाल त्या रात्रीं देतां आला नाहीं. त्यास पुढें तीन आठवडे लागले. त्या अवधींत जें पाहिलें, मोजलें आणि ताडून घेतलें तें इतर एकत्र कुटुंबांसही उपयोगीं पडेल असें वाटून येथें देत आहों.

प्रथम त्या घराची अडचण सांगितली पाहिजे. टीव्ही बत्तीस इंची, सुमारें दहा वर्षांचा. चित्र स्वच्छ, आवाज बरा. उणें इतकेंच कीं, त्याला इंटरनेट ठाऊक नाहीं. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें, नवा मोठा टीव्ही आणून मोकळें व्हावें. त्यावर आजोबांचा सवाल, "चालती वस्तु टाकायची कशाला?" कॉलेजांत जाणाऱ्या नातवानें बाजारांत एक पेटी पाहून ठेवली होती, दोन हजार रुपयांच्या आंत, आणि दुकानदाराच्या शब्दांत "सगळे चॅनेल, सगळे पिक्चर, जन्मभर फुकट." सूनबाईंना पेटीपेक्षां धाकट्या मुलांची काळजी अधिक, मुलें काय पाहतात हें आपणांस कळावें आणि पाहण्यास कांहीं मर्यादा असावी, एवढीच त्यांची मागणी. काकांना क्रिकेट हवें होतें. आजी वादांत बोलल्या नाहींत.

पानें उचलल्यावर त्यांनीं आम्हांस बाजूला बोलावून जें सांगितलें तेंच आमच्या मतें ह्या प्रकरणांतील मुख्य कलम होय. थोरल्या मुलाची मुंज १९८८ सालीं झाली. तिची व्हिडिओ कॅसेट कपाटांत पडून होती. ती गेल्या वर्षीं एका दुकानांतून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. मातृभोजनाच्या प्रसंगांत आजींच्या मातोश्री दिसतात, चार शब्द बोलतातही. त्यांचा चालता-बोलता ठसा जगांत तेवढाच उरला आहे. पण तो पेनड्राइव्ह चालतो तो नातवाच्या संगणकावर, वरच्या मजल्यावर; आणि आजींचे गुडघे जिना चढूं देत नाहींत. बैठकींतील टीव्हीला लावून पाहिला तर नुसता "फाइल चालत नाहीं" असा शेरा उमटतो. "तेवढें खालीं दिसेल का?" असें त्यांनीं विचारलें.

आतां पेटीकडे वळूं. टीव्ही हा ह्या व्यवस्थेंत केवळ कांच ठरतो. बुद्धि पेटींत असते. अशा पेट्या घरोघर जाण्यास फार दिवस झालेले नाहींत. ॲपलची पेटी २००७ सालीं आली, रोकूची २००८ सालीं. २०१३ च्या जुलैंत गूगलनें 'क्रोमकास्ट' नांवाची बोटभर वस्तु पस्तीस डॉलरांना विकावयास काढली आणि किंमतींचा सारा बाजारच खालीं आला. ॲमेझॉनची 'फायर टीव्ही स्टिक' २०१४ सालीं अमेरिकेंत व २०१७ च्या एप्रिलांत आपल्याकडे आली, तेव्हां तिची किंमत ३,९९९ रुपये होती. आपल्याकडील मार्ग तत्पूर्वींच मोकळा होऊं लागला होता: हॉटस्टार २०१५ सालीं निघालें, नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारींत आलें, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत जिओ सुरू झाल्यावर इंटरनेटचा दर मध्यम वर्गाच्या आवांक्यांत आला. १९७२ सालीं गांधीजयंतीस मुंबईस दूरदर्शन सुरू झालें तेव्हां ज्या घरांत संच असेल त्या घरीं सारी आळी लोटत असे. आतां त्याच दूरदर्शनचा कारभार पाहणाऱ्या प्रसार भारतीनेंही २०२४ च्या नोव्हेंबरांत 'वेव्हज' नांवाचें स्वतःचें इंटरनेटवरील दालन उघडलें आहे.

ह्या पेट्यांच्या जाहिरातींत किंमत ठळक छापतात. वीज किती लागते हें सहसा सांगत नाहींत. आम्हांस मात्र तो मुद्दा पहिल्या प्रतीचा वाटतो. कित्येक घरीं जुना संगणक टीव्हीशेजारीं मांडून त्याच्याकडून हें काम करून घेतात. संगणक घरचाच, म्हणजे फुकट, असा समज असतो. तो संगणक शंभर वॅट वीज घेतो असें धरूं. दिवसाला पांच तास चालवला तर वर्षाला सुमारें १८२ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर १,८२५ रुपये. चोवीस तास चालूं ठेवला तर ८७६ युनिट, म्हणजे ८,७६० रुपये. पांच वॅटांची पेटी तेंच पांच तासांचें काम वर्षाला एक्याण्णव रुपयांत करते आणि अहोरात्र चालूं राहिली तरी वर्षाचे ४३८ रुपयेच होतात. म्हणजे फुकटचा संगणक पेटीची किंमत दोन-तीन वर्षांत गिळून टाकतो. शिवाय त्याच्या पंख्याची घरघर, आणि उन्हाळ्यांत त्याची ऊब, हीं वेगळींच.

पांच वॅटांत, म्हणजे रात्रीं लावण्याच्या छोट्या दिव्याएवढ्या विजेंत, एवढें काम होतें कसें हें समजून घेण्याजोगें आहे. कारण पेटी पारखण्याची खरी गुरुकिल्ली त्यांतच आहे. चांगल्या प्रतीच्या चित्रांत आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास तीन बाइट धरून सेकंदाला पंचवीस चित्रें जशींच्या तशीं ठेवायचीं म्हटलें तर दोन तासांच्या चित्रपटास अकराशें गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल. प्रत्यक्षांत तोच चित्रपट चार-साडेचार गिगाबाइटांत मावतो. एका चित्रांतून दुसऱ्या चित्रांत जेवढें बदललें तेवढेंच टिपून ठेवायचें, बाकीचें मागील चित्रावरून घ्यायचें, अशा युक्त्यांनीं ही घडी घातलेली असते. नऊवारी पातळाची घडी पेटाऱ्यांत मावते तसाच हा प्रकार. पण नेसतांना घडी उलगडावी लागते, आणि येथें ती सेकंदाला पंचवीस वेळां, न चुकतां, उलगडावी लागते.

घडी घालण्याच्या पद्धतीही पुष्कळ आहेत. डीव्हीडीच्या काळची एमपेग-२. २००३ सालची एच.२६४, जी आज सर्वत्र आढळते. २०१३ सालची एच.२६५, जी तितक्याच चांगल्या चित्रास जवळजवळ निम्मी जागा घेते; आणि २०१८ सालची एव्ही-१. संगणकाचा सर्वसाधारण प्रोसेसर ही उलगडणी नुसत्या मेहनतीनें करतो. म्हणून तो तापतो, वीज खातो. पेटींतील चिपमध्यें मात्र ह्याच एका कामासाठीं वेगळा विभाग कोरलेला असतो. पोळपाटावर दहा वर्षें हात बसलेल्या बाईनें पोळी लाटावी आणि नवशिक्यानें लाटावी, एवढा दोहोंत फरक. परंतु ह्या विभागास ज्या पद्धति शिकवल्या असतील त्याच येतात. न शिकवलेली पद्धति समोर आली कीं सारा भार पुन्हां प्रोसेसरवर पडतो, चित्र अडखळतें, किंवा चालतच नाहीं. आजींच्या पेनड्राइव्हावर बैठकींतील टीव्हीनें जो शेरा मारला त्याचें कारण हेंच होतें. तेव्हां दुकानांत गेल्यावर पेटींत मेमरी किती हें विचारण्यापूर्वीं तिला कोणकोणत्या पद्धति 'हार्डवेअरनें' उलगडतां येतात हें विचारावें. एच.२६४ व एच.२६५ ह्या दोन अवश्य हव्यात. एव्ही-१ असेल तर ती पेटी अधिक वर्षें पुरेल.

'४के' ह्या अक्षरांचा मोह मात्र आवरावा. चार के म्हणजे आडवे ३,८४० ठिपके. बत्तीस इंची टीव्हीची रुंदी सुमारें अठ्ठावीस इंच भरते. निरोगी डोळ्यास दहा फुटांवरून दोन बिंदु वेगळे दिसावयास त्यांत इंचाच्या सुमारें अठ्ठाविसाव्या भागाएवढें अंतर असावें लागतें. म्हणजे त्या रुंदींत डोळ्याला आठशेंच ठिपके वेगळे ओळखूं येणार. ह्या घरच्या बैठकींत टीव्ही आणि झोपाळा ह्यांच्यामध्यें दहा फुटांहून अधिकच अंतर आहे! तेथें साधें एचडी चित्रसुद्धां डोळ्याला पुरून उरतें. नव्या मोठ्या टीव्हीचें थोरल्या चिरंजीवांचें कलम आम्हीं ह्या हिशेबावरच बाद केलें. आजोबा प्रसन्न झाले.

नातवाच्या पेटीविषयीं मात्र आम्हांस कठोर व्हावें लागलें. "जन्मभर फुकट" ही प्रतिज्ञाच संशयास्पद आहे. क्रिकेटचे सामने आणि नवे चित्रपट दाखवण्याचा हक्क विकत घेण्यास कंपन्या मोठ्या रकमा मोजतात. तोच माल दोन हजारांच्या पेटींत जन्मभर फुकट मिळत असेल तर तो चोरीचा आहे हें उघड आहे. परंतु नीतीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी दुसरें मोठें संकट आहे. २०२३ च्या जानेवारींत 'टी-९५' ह्या नांवानें विकल्या जाणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड पेटींत कारखान्यांतूनच घातलेला घातक प्रोग्राम एका तज्ज्ञास सांपडला. पुढें असल्या पेट्यांचें केवढें जाळें पसरलें आहे तें बाहेर आलें. त्यास 'बॅडबॉक्स' असें नांव पडलें. २०२५ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या एफबीआयनें ह्याविषयीं जाहीर इशारा दिला, आणि जुलैंत गूगलनें ह्या जाळ्याच्या चालकांविरुद्ध न्यायालयांत दावा लावतांना अशा उपकरणांची संख्या एक कोटीहून अधिक सांगितली.

ह्या पेट्या करतात काय? वरकरणीं चित्रपट दाखवतात. आंतून तुमच्या घरचें इंटरनेट परक्यांस भाड्यानें देतात. कोठला तरी भामटा आपला व्यवहार तुमच्या घराच्या पत्त्यावरून करतो, आणि शोध घेणाऱ्यास वाट सांपडते ती तुमच्या दारापर्यंत. ज्या घरांत त्याच वायफायवर आजोबांची पेन्शन तपासली जाते, सूनबाई बँकेचे व्यवहार करतात, तेथें हा पाहुणा बैठकींत बसवणें म्हणजे ओसरीवर अनोळखी माणसास मुक्काम देऊन आंतल्या किल्ल्या त्याच्या उशाशीं ठेवणें होय. नातू हुशार; त्यानें लगेच विचारलें, "पण ओळखायची कशी?" कांहीं खुणा ठाम आहेत. खोक्यावर ओळखीच्या कंपनीचें नांव नाहीं, 'प्ले प्रोटेक्ट'चें प्रमाणपत्र नाहीं, आणि बसवतांना तें संरक्षण बंद करावयास सांगतात. ह्यांपैकीं एक जरी खूण आढळली तरी पेटी परत करावी. दुकानदार ओळखीचा आहे ही सबब पुरेशी नव्हे. बिचाऱ्यास स्वतःलाही आंत काय आहे हें ठाऊक नसतें.

नामांकित कंपन्यांची 'कांडी' म्हणजे स्टिक हा ह्याच्या उलट टोंकाचा, सरळ मार्ग. टीव्हीच्या मागें एचडीएमआयच्या खोबणींत ती बसते, वीज पांच वॅटांच्या आसपास, आणि पैसे भरून घ्यावयाच्या सर्व सेवा तिच्यावर व्यवस्थित चालतात. हा शेवटचा मुद्दा वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. ह्या सेवा आपल्या चित्रास 'वाइडवाइन' नांवाचें कुलूप लावतात, आणि कुलपाच्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीची मान्यता असलेल्या पेटीस पूर्ण स्वच्छ चित्र मिळतें. तिसऱ्या पायरीच्या पेटीस तेंच चित्र नेटफ्लिक्ससारखी सेवा जुन्या टीव्हीच्या तोलाचें, धूसर देते. वर्गणी मात्र दोघांस सारखीच. मान्यता नसलेल्या स्वस्त पेट्या घेऊन पुष्कळ लोक फसतात ते येथें. वर्गणी पूर्ण भरायची आणि चित्र अर्धें पाहायचें!

कांडी घेतली तर एक चूक टाळावी. तिची तार टीव्हीच्याच यूएसबी खोबणींत खोंचण्याचा मोह सर्वांस होतो; एक प्लग वांचतो. पण जुन्या टीव्हीवरील ती खोबण प्रमाणानुसार अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच, देण्यास बांधलेली असते, आणि कांडीस त्याच्या दुप्पट लागते. मग ऐन रंगांत आलेल्या सामन्यांत कांडी बंद पडून पुन्हां पहिल्यापासून सुरू होते आणि घरांतील माणसें इंटरनेटवाल्यास शिव्या देतात. सोबत आलेला अडॅप्टरच वापरावा.

नामांकित कंपनी घेतली म्हणजे सर्व काळजी मिटली असें मात्र नाहीं. ह्या वस्तु लांकडी कपाटासारख्या नव्हत; कंपनीशीं त्यांची नाळ जोडलेली असते. २०२५ च्या ९ मार्चच्या सुमारास २०१५ सालचे क्रोमकास्ट जगभर एकदम मुके झाले. यंत्र बिघडलें नव्हतें. आंत ठेवलेल्या एका डिजिटल दाखल्याची दहा वर्षांची मुदत त्या दिवशीं संपली होती. गूगलनें कांहीं दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण तोंवर लोकांच्या हातीं निर्जीव तुकडा होता. त्यापूर्वीं २०२४ च्या ऑगस्टांत त्या कंपनीनें क्रोमकास्टचें उत्पादनच थांबवलें होतें. म्हणून जुन्या साठ्यांतील पेटी अर्ध्या किंमतींत मिळते म्हणून आनंदूं नये. ती कोणत्या सालची, आणि तिला सुधारणा किती वर्षें मिळणार, हें आधीं पाहावें.

आतां आमच्या आवडीच्या वस्तूविषयीं. इंग्लंडांत २०१२ च्या २९ फेब्रुवारीस 'रास्पबेरी पाय' नांवाचा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक विक्रीस आला. तोही पस्तीस डॉलरांना. हेतु विद्यार्थ्यांनीं प्रोग्रामिंग शिकावें हा; पण लोकांनीं तो पहिल्यांदां टीव्हीच्या मागें नेऊन लावला. त्याचा प्रोसेसर अगदींच दुबळा होता, परंतु उलगडणीचा विभाग उत्तम असल्यामुळें तो एचडी चित्रपट सहज दाखवी. एमपेग-२ पद्धतीचा परवाना मात्र त्यांत नव्हता. तो २ पौंड ४० पेन्स देऊन वेगळा घ्यावा लागे. त्यावर 'कोडी' नांवाचा मोफत प्रोग्राम चालतो. ह्याचें मूळ २००३ सालच्या 'एक्सबीएमसी'त आहे; २०१४ सालीं त्याचें कोडी असें बारसें झालें. हार्ड डिस्कवर ठेवलेलीं गाणीं, चित्रपट, फोटो तो नीट मांडून दाखवतो. नाट्यसंगीत एकीकडे, कीर्तनें एकीकडे, घरचे समारंभ एकीकडे. जाहिरात नाहीं, कंपनीशीं नाळ नाहीं, कोण काय पाहतो ह्याची टिपणवही नाहीं.

२०१९ सालचा 'पाय ४' ह्या कामास आम्हांस सर्वांत योग्य वाटतो. २०२३ सालचा 'पाय ५' वेगवान खरा, पण त्यांतून एच.२६४ उलगडण्याचा खास विभागच काढून टाकला आहे. तें काम तो प्रोसेसरच्या बळावर करतो. नवें तें ह्या कामास अधिक सोयीचें असतेंच असें नाहीं, ह्याचें हें बरें उदाहरण. खर्चाविषयीं एक सूचना: नुसत्या पाटीची किंमत पाहून हुरळूं नये. अडॅप्टर, मेमरी कार्ड, डबी, तार हें सर्व धरलें म्हणजे बेरीज कांडीच्या पुढें जाते.

आमचा जीव पायवर होता हें लपवीत नाहीं. परंतु त्या घरीं तो द्यावयाचा नाहीं असें आम्हीं ठरवलें, आणि त्याचीं कारणें तीन. एक तर नेटफ्लिक्ससारख्या सेवांचें अधिकृत ॲप त्यासाठीं नाहीं. कुलपाची तिसरी पायरीच हातीं येते. दुसरें, टीव्हीला एचडीएमआयच्या खोबणी दोनच. एक डिशच्या पेटीनें अडवलेली. सकाळच्या बातम्या आजोबा तिच्यावरच पाहतात आणि त्या सोडण्यास तयार नाहींत. उरलेल्या एका खोबणींत पायही हवा आणि कांडीही हवी हें कसें जमावें? तिसरें कारण स्वतः आजोबा. ते रोज रात्रीं दहाच्या ठोक्याला भिंतीवरचें मुख्य बटण बंद करतात; चाळीस वर्षांची शिस्त आहे. पायचा सर्व कारभार मेमरी कार्डावर चालतो. लिहिण्याचें काम चालूं असतां वीज तोडली तर कार्डावरची मांडणी बिघडूं शकते, आणि मग सकाळीं पडदा काळा. आम्हीं आजोबांपुढें हिशेब मांडला: पांच वॅट, रात्रीचे आठ तास, म्हणजे चाळीस पैसे, महिन्याचे बारा रुपये. आजोबांनीं शांतपणें ऐकून घेतलें. नंतर त्यांनीं नातवाकडून प्लगला लावण्याचा वीजमापक मागवला, डिशची पेटी रिमोटनें बंद केली आणि मापक आम्हांस दाखवला. त्या पेटीची 'बंद' अवस्थेंतली भूक आमच्या पायच्या जागेपणींच्या भुकेच्या दुप्पट होती. "बटण मी उगाच बंद करत नाहीं," एवढेंच ते म्हणाले. ह्यावर आम्हांस उत्तर नव्हतें.

शेवटीं मधला मार्ग सांपडला. नामांकित कंपनीची, प्रमाणपत्र असलेली, अँड्रॉइड टीव्हीवर चालणारी छोटी पेटी. कांडी नव्हे, तर जिच्या पाठीमागें यूएसबीची खोबण आहे अशी. सेवांचीं ॲपें तिच्यावर चालतातच. शिवाय कोडीही गूगलच्या अधिकृत दुकानांतून मोफत घेतां येतो. म्हणजे एका खोबणींत दोन्ही कामें. पायइतकें स्वातंत्र्य नाहीं, पहिल्या पानावर जाहिराती झळकतात, हें आम्हांस खटकतें. पण घर नऊ माणसांचें आहे, आमच्या एकट्याचें नव्हे. मुलांसाठीं वेगळी ओळख करून तिला आंकड्यांचें कुलूप घातलें. तो आंकडा सूनबाईंखेरीज कोणास ठाऊक नाहीं. काकांच्या क्रिकेटची वर्गणी ज्याची त्यानें भरावी असें ठरलें.

आणखी दोन बारीक गोष्टींनीं बराच वेळ घेतला. घर जुन्या बांधणीचें, भिंती दीड फुटी. राउटर माडीवर. वायफायच्या दोन लहरींपैकीं ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतींपुढें लवकर थकते, २.४ ची सावकाश, पण भिंत ओलांडून येते. आम्हीं पेटी दुसरीवर ठेवली. एचडी चित्रास सेकंदाला पांच मेगाबिट पुरतात, तेवढे ती सहज देते. जेथें तार ओढतां येईल तेथें तारच ओढावी असें आमचें मत आहे, पण नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला भोंक पाडूं देण्यास कोणी तयार होईना. दुसरी गोष्ट रिमोटची. आजींच्या हातीं तीन रिमोट देणें म्हणजे त्यांस टीव्हीपासून दूर ठेवणें. एचडीएमआयच्या तारेंतूनच एका यंत्राची आज्ञा दुसऱ्यास पोंचवण्याची 'सीईसी' नांवाची सोय बहुतेक टीव्हींत असते. ती बंद असते, आणि प्रत्येक कंपनीनें तिला वेगळें नांव ठेवलेलें असतें. सॅमसंग तिला 'एनीनेट प्लस' म्हणते, सोनी 'ब्राव्हिया सिंक', एलजी 'सिंपलिंक'. ती शोधून चालूं केली म्हणजे पेटीच्या एका बटणानें टीव्हीही जागा होतो. आजींसाठीं त्या बटणावर आम्हीं लाल कापडी पट्टीचा तुकडा चिकटवला.

मुंजीची फाइल लावली तेव्हां चित्र आलें, पण हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा, आणि सर्व मंडळी आडवीं पसरलेलीं. आजींच्या मातोश्री उगाचच स्थूल दिसूं लागल्या. जुन्या व्हिडिओंत प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत टिपलेलें असतें, आणि त्याची चौकट चारास तीन ह्या प्रमाणाची असते; आजच्या सोळास नऊच्या पडद्यावर तें नीट बसवावें लागतें. नातवानें 'हँडब्रेक' नांवाच्या मोफत प्रोग्रामानें एका रात्रींत फाइल दुरुस्त केली; मूळ फाइल पुसूं दिली नाहीं, आणि दुरुस्त फाइलीच्या दोन प्रति करून एक थोरल्या चिरंजीवांच्या कपाटांत ठेवली. पेनड्राइव्ह हा कायमचा साठा नव्हे, तो केव्हां दगा देईल ह्याचा नेम नसतो, हें आम्हीं त्यास बजावलें होतें.

परवां रविवारीं सायंकाळीं सर्व मंडळी बैठकींत जमलीं. आजींनीं लाल पट्टीचें बटण स्वतः दाबलें. मातृभोजनाचा प्रसंग आला तेव्हां त्यांनीं तो तीनदां मागें नेऊन पाहिला. कोणी कांहीं बोललें नाहीं. ज्यांची मुंज ते सेहेचाळीस वर्षांचे गृहस्थ बायकोला आपले त्या वेळचे कान दाखवीत होते. घड्याळांत दहा वाजले. आजोबा उठले, बटणापाशीं गेले, वळून पडद्याकडे पाहिलें. भिक्षावळ अजून व्हावयाची होती. ते परत झोपाळ्यावर येऊन बसले.